न चाखलेला जॅम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या वहिनीचं नाव घेतो. शाळेतल्या गुरुजींचे आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांचे उपकार आहेतच, ते मी नाकारत नाही. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचलं, ते एका निरक्षर बाईमुळे. आणि तिने ते करवंदांच्या जॅमवर घडवलं, हे सांगितलं की लोक हसतात. म्हणून सगळं नीट लिहितो.

मॅट्रिक मी खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी झालो. पुढे शिकायचं तर सुरतेला, कारण दादा सुरतेला होता. कतारगामला एका कारखान्यात तो लूम चालवायचा आणि चाळीत एका खोलीत राहायचा. त्याला कायमची रात्रपाळी. पहाटे घरी यायचा, अंगावरची रुई झटकायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माझं कॉलेज सकाळचं. स्वयंपाक पंपाच्या स्टोवर, आणि तो स्टो पेटला की असा गरजायचा की शेजारची पोरंसुद्धा जागी व्हायची. पहिल्याच आठवड्यात वहिनीने माझ्यासाठी पहाटे स्टो पेटवला, तेव्हा दादाने उठून उकळत्या चहाचं भांडं लाथेने उडवलं. वहिनीच्या पायावर चहा सांडला. दादा परत झोपला. वहिनीने पायावर पाणी ओतलं आणि हळूच मला म्हणाली, "भाऊ, आज उपाशीच जा. उद्यापर्यंत काहीतरी काढते शोधून."

तिने शोधून काढला तो जॅम. स्टो न पेटवता, भांड्याचा आवाज न करता, अंधारात रात्रीच्या भाकरीला लावून खाता येईल असं तेवढंच होतं. लग्नानंतर काही वर्षं ती नानपुऱ्यात एका पारशी म्हातारीकडे घरकामाला जायची. ती म्हातारी दर उन्हाळ्यात करवंदांचा जॅम करायची आणि घासायला टाकलेल्या पातेल्याच्या बुडाशी जे लागलेलं असेल तेवढं वहिनीला चाटायला द्यायची. वहिनीने ते चाटता चाटता कृती पाठ करून टाकली होती.

तेव्हाचं कतारगाम आजच्यासारखं नव्हतं. कारखान्यांच्या मागे पापडीच्या शेंगांच्या आणि आंब्यांच्या वाड्या होत्या. वाड्यांना तारेचं कुंपण नसे, वई असे, आणि वईत करवंदीची झुडपं माजलेली असत. त्यांच्या काट्यांनी जनावरं आत शिरत नसत म्हणून ती ठेवलेली. फळांकडे कोणी बघत नसे. आम्ही दोघं उन्हाळ्यात पहाटे जायचो. एका वाडीचा म्हातारा रखवालदार आम्हाला पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "लई जाओ, बेन. आ तो पंखीडां ज खाय छे." न्या, पाखरंच खातात ही. त्यानंतर तो आम्हाला बघून बिडी पेटवायचा आणि पाठ फिरवून बसायचा.

करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला चिकटला की दिवसभर निघत नाही. वहिनी निघण्याआधी माझ्या हातांना गोडं तेल चोळायची, स्वतःच्या हातांना राहिलेलं. पिकलेली काळी करवंदं घ्यायची आणि त्यांत मूठभर तांबडी कच्ची टाकायची, त्यांनी जॅम घट्ट होतो. मिठाच्या पाण्यात चीक धुवायचा. थोड्या पाण्यात शिजवायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून रगडून बिया काढायच्या आणि मग तो जांभळा गर साखरेत आटवत बसायचं. साखर रेशनची. वहिनी संक्रांतीपासून गुळाचा चहा प्यायची, ती साखर जॅमसाठी. जॅम बरणीत भरला की वर मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओतायचं, म्हणजे हवा लागत नाही. मेणाची ती चकती मोडून मी पहाटे बोटाने जॅम काढत असे. दादा झोपलेला, वहिनी दाराशी बसून मी खातो का ते बघत असलेली. अशी तीन वर्षं गेली.

वहिनीला मूल नव्हतं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती.

माय, म्हणजे आमची आई, वर्षातून एकदा गावाहून येई आणि महिनाभर राही. घरात आम्ही अहिराणी बोलत असू. वाचकांच्या सोयीसाठी मी ते बहुतेक मराठीतच लिहितो, पण मायचं एक वाक्य तसंच्या तसं लिहायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही करवंदांची पाटी घेऊन घरी आलो, तेव्हा माय चाळीच्या ओट्यावर बायकांत बसली होती. वहिनीकडे बघून ती म्हणाली, "सोताना झाडले फय नही, म्हनीसन लोकेसना वईवरना तोडत फिरस का व?" स्वतःच्या झाडाला फळ नाही, म्हणून लोकांच्या वईवरची तोडत फिरतेस का गं? ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनीही हसली. सासूच्या विनोदाला हसावं लागतं. मग आत येऊन तिने करवंदं मिठाच्या पाण्यात टाकली.

त्यानंतर 'वईवरची' हे तिचं नावच पडलं. माय तिला तसंच हाक मारी. "ए वईवरची, पाणी आण."

म्हणून माझ्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात माय आली आणि वहिनीशी गोड बोलू लागली, तेव्हा मला बरं वाटलं. मी ते चांगलं लक्षण समजलो. मायने येताना गावाहून साखर आणली होती, पिशवी भरून. पिशवी वहिनीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "पोरी, यंदा तुझा तो जॅम जास्त कर. वर्षभर पुरला पाहिजे. माझ्या लेकराचं शेवटचं वर्ष आहे."

वहिनीला माय इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'पोरी' म्हणाली होती.

त्या वर्षी आखाजी उशिरा आली होती. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, आम्हा खानदेशी लोकांचा सर्वांत मोठा सण. लग्न झालेल्या लेकी आखाजीला माहेरी जातात. भाऊ त्यांना न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की सासरचं माणूस जाऊन सुनेला परत आणतं. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि आमच्या घरात अशी रीत होती की घागर भरेपर्यंत उन्हाळ्यातलं कुठलंही नवं फळ तोंडाला लावायचं नाही. आंबा नाही, करवंद नाही, त्याचं केलेलं काही नाही. पितरांआधी खाल्लं तर घराला दोष लागतो. सुनेने खाल्लं तर जास्त लागतो, असं माय म्हणे.

आखाजीआधी करवंदं पिकली. वहिनी आखाजीला माहेरी जाणार होती. म्हणून वर्षभराचा जॅम तिने न चाखता केला.

एरवी ती पळीच्या टोकाला लागलेला जॅम जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून एक मूठ साखर." यंदा ती वासावर आणि रंगावर चालली होती. बशीत थेंब टाकून बशी तिरकी करायची, थेंब ओघळतो का ते बघायची. गोडी मात्र बशीत दिसत नाही. शेवटी तिने शेजारच्या गुजराती मासीला हाक मारली. मासीला आमच्या पितरांचं बंधन नव्हतं.

मासीने पळीतला जॅम चाखला. माय तिथेच पाटावर बसून मेणबत्त्यांचे तुकडे करत होती. मासी मायकडे बघत राहिली, मग वहिनीकडे बघून म्हणाली, "बहु सरस छे, बेन. तुं पण चाख ने. आजे ज चाखी ले." तूही चाख ना, आजच चाखून घे.

"नाही मासी, आखाजीनंतर. परत आले की पहिली बरणी मीच फोडणार."

मासी पदराने हात पुसत उठली आणि आपल्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतलं. भर दुपारी चाळीत कोणी दार लावत नसे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. चाळीला सगळं ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते आम्हा दोघांना.

मुराळी आला. वहिनीचा मोठा भाऊ, शेतकरी माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. मायने वहिनीला नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी. दादा पोचवायला स्टेशनवर आला. मीही होतो. भुसावळ पॅसेंजर लागलेलीच होती. दादाने वहिनीला प्यायला पाण्याची सुरई घेऊन दिली, तेही पहिल्यांदाच. आणि गाडी हलायच्या आत, पाळी आहे म्हणून, निघून गेला.

खिडकीतून वहिनी मला म्हणाली, "भाऊ, घागर भरली की बरणी उघडा. माझी वाट बघू नका, उपाशी राहाल. आणि कसा झाला ते मला कळवा. यंदा माझा अंदाज चुकला असेल."

"तुम्ही आल्यावर सांगतो की."

"नाही, कळवाच. तोपर्यंत मला चैन पडायचं नाही."

आखाजी झाली. मायने घागर भरली आणि पहिली बरणी स्वतः फोडली. आठवडा गेला, आणखी एक गेला. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून एका संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "मीच जातो वहिनीला आणायला. दादाला रजा मिळत नसेल तर."

माय म्हणाली, "बस खाली. कोणी जायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, आखाजीला गेली, गेली. आणायला गेलं नाही की झालं. भांडण नको, तंटा नको." तिने दादाच्या ताटात जॅम वाढला. "माझ्या मावसबहिणीची मुलगी आहे. पुढच्या सोमवारी येतील."

मी दादाकडे बघितलं. तो भाकरीचा तुकडा जॅममध्ये बुडवत होता. "दादा, अरे, तिने काय केलं?"

"काही नाही केलं," दादा म्हणाला. "तेच तर."

एवढ्या वर्षांच्या संसारावर माझ्या भावाने माझ्यापुढे उच्चारलेलं हे एकच मत. तो दुष्ट माणूस नव्हता असं लोक म्हणतात. मला त्यातलं ठरवता आलेलं नाही.

नवी मुलगी आली. मंदिरात हार घातले गेले. ती बिचारी भेदरलेली होती, तिला दोष देण्यात अर्थ नाही. घरात पाऊल टाकल्यावर सासूने सुनेचं तोंड गोड करायचं असतं. मायने बरणीचं मेण मोडलं आणि चमचाभर जॅम तिच्या तोंडात घातला. मुलीला तो फार आवडला. "आत्याबाई, कोणी केला?" तिने विचारलं. माय म्हणाली, "मीच. तुझ्यासाठी करून ठेवला होता." ओट्यावरच्या बायका हसल्या. त्याच बायका, पदर तोंडाला लावून.

पाऊस लागला आणि वहिनीचा भाऊ आला. घोंगडी दाराबाहेर झटकून आत आला आणि नव्या सुनेला बघून तसाच उभा राहिला. मग खाली बसला. मायने त्याला चहा दिला, बशीत पाव आणि जॅम ठेवला. पाहुण्याला उपाशी ठेवणारी ती नव्हती.

तो म्हणाला, "मावशी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. मूल नाही हे खरं. पण असं न सांगता? ती रोज पिशवी भरून ठेवते. गाडीची वेळ झाली की ओट्यावर येऊन बसते."

"मुलाचं जाऊ दे," माय म्हणाली. "ते देवाच्या हातचं. पण तुझ्या बहिणीला पहाटे उठून वाड्यांमधून फिरायची सवय. करवंदं तोडायला जाते म्हणायची. वाडीला रखवालदार असतो, बाबा. मी म्हातारी बाई, याच्यापुढे काय बोलू?"

खोलीत स्टोचा आवाज होता म्हणून मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या माणसाने ते बरोबर ऐकलं होतं. त्याचा हात बशीवरून मागे आला. "हा तिनेच केलेला ना?"

"खा की. लोकांच्या वईतला असला म्हणून काय झालं, गोड आहे."

मी म्हणालो, "माय, मी रोज बरोबर होतो. तो रखवालदार सत्तरीचा आहे. आमच्याकडे पाठ करून बसायचा."

दादा भिंतीशी आडवा होता. तो उठलाही नाही. "तू शिकायला आला आहेस, शीक," म्हणाला. "जास्त बोलायचं असेल तर खोली दुसरी बघ."

वहिनीच्या भावाला मी नाक्यापर्यंत पोचवायला गेलो. पावसात उभा राहून तो म्हणाला, "भाऊ, हे बोलणं आमच्या गावात आधीच आलंय. तुमच्या मायच्या गावची माणसं बाजाराला येतात. मला दोन पोरी लग्नाच्या आहेत. घरातली म्हणते, चोरटी नणंद चालेल, पण ही नको. मी भाऊ आहे, मी सांगून कोण ऐकणार? तुम्ही त्या घरचे. तुम्ही शिकलेले. तुम्ही लिहून पाठवा. तुमचं लोक मानतील. नाहीतर तिला ठेवू कुठे?"

तो गेला. वहिनीला राहायला घर मिळणार की नाही, हे आता एका कागदावर आलं होतं.

त्यांच्या गावात पत्र कसं वाचलं जातं, हे मला माहीत होतं. पोस्टमन शाळेच्या ओट्यावर बसतो, गुरुजी पत्र फोडतात, आणि ज्याचं असेल तो आणि ज्याचं नसेल तोही ऐकतो. त्या गावात खाजगी पत्र नावाची गोष्ट नव्हती. वहिनीबद्दल जे मला मनापासून लिहायचं होतं, ते त्या ओट्यावर उघडं पडलं असतं आणि त्याचंही वेडंवाकडं झालं असतं. म्हणून मी तिला मनातलं काही लिहिलं नाही. गावाने ऐकावं असंच लिहिलं. लूमवर वहिनीच्या गावचा एक कामगार होता, तो सुटीवर निघाला होता. पत्र त्याच्या हाती दिलं, आणि गुरुजींनाच द्यायचं, ओट्यावर माणसं असतील तेव्हाच, हे त्याला बजावलं. त्याच दिवशी मी खोली सोडली. उधन्याला एका वर्गमित्राच्या घरी पडवीत जागा मिळाली. मायने मला अडवलं नाही. फक्त ओट्यावरून ओरडून म्हणाली, "जा, तूही वईवरचं खा."

पुढचं थोडक्यात सांगतो. पत्र वाचलं गेलं. भावाने वहिनीला ठेवून घेतलं. दिवाळीनंतर जातीचे पंच बसले, तिथे मी उभा राहून साक्ष दिली, आणि तिला फारकत मिळाली. स्वतःच्या गळ्याशी बोट नेऊन एका पंचाने मायला मंगळसूत्र परत मागता का असं विचारलं, तेव्हा माय म्हणाली, "मागते तर. सोनं काय वईवर लागतं?" वहिनीने ते तिथेच काढून दिलं. वर्षभराने दादाला मुलगा झाला. मायने त्याचे पेढे वहिनीच्या गावी मुद्दाम माणूस पाठवून वाटले. वहिनीचा एका बिजवराशी पाट लागला, त्याची तीन मुलं तिने वाढवली. मी पदवीचा कागद दाखवायला गेलो, तेव्हा तिने तो हातात घेतला नाही. तिचे हात शेणाने भरलेले होते. लांबूनच बघून म्हणाली, "नीट ठेवा, भाऊ. भिजेल." एवढंच आमचं बोलणं झालं, कारण तिच्या नव्या घरी आमच्या घरचं माणूस येणं बरं दिसत नव्हतं.

पत्राची मी एक नक्कल ठेवली होती. ती अशी:

"तीर्थस्वरूप वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुजींना विनंती, हे पत्र मोठ्याने वाचावं आणि बसलेल्या सर्वांनी ऐकावं.

मी यांचा धाकटा दीर. कॉलेजात शिकतो. मी लिहितो ते खरं लिहितो, आणि पंचांपुढे हेच सांगेन. माझ्या भावाने दुसरं लग्न केलं आहे. वहिनीला न्यायला आमच्याकडून कोणी येणार नाही. वहिनी, तुम्ही पिशवी भरून ओट्यावर बसू नका. पिशवीतले कपडे काढून ठेवा.

वाड्यांच्या वईवर करवंदं तोडायला त्या कधी एकट्या गेल्या नाहीत. दर वेळी मी बरोबर होतो. वईची फळं कोणाची नव्हती, पाखरं खात होती. रखवालदार म्हातारा आहे आणि त्याने आम्हाला स्वतः परवानगी दिली होती. त्या फळांवर माझं तीन वर्षांचं शिक्षण झालं. यात वाईट असेल तर त्या वाईटातला अर्धा वाटा माझा आहे, आणि मी तो नाकारत नाही. जे कोणी वेगळं बोलतं, ते माझ्या घरचं असलं तरी खोटं बोलतं.

वहिनी, तुम्ही कळवायला सांगितलं होतं, म्हणून कळवतो. जॅम चांगला झाला. साखर थोडी कमी पडली, पण घट्ट बरोबर आला. तो सगळ्यांनी खाल्ला. तुमचं नाव कोणी घेतलं नाही.

त्यातली एक बरणी मी निघताना उचलून आणली. ती या माणसाबरोबर पाठवत आहे. वरचं मेण मोडलेलं नाही. आखाजी होऊन गेली, घागर भरून झाली, आता कोणाला दोष लागत नाही. तुम्ही चाखा.

आपला दीर"